रोजच्या भक्तीला शिस्त कशी लावावी

बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सुभक्तीची ‘कसरत’ करण्यास सांगितले आहे. मूळ ग्रीक शब्द आखाड्यातल्या सरावाचा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. सरावाने कोणी देवाची कृपा कमावत नाही, ती ख्रिस्तात आधीच मिळालेली आहे. मात्र त्या कृपेत जगण्याचे वळण मनाला आणि शरीराला लावावे लागते. हा फरक पहिल्याच दिवशी मनाशी पक्का करावा. तो सुटला की प्रार्थनेचा आणि उपासाचा हिशेब सुरू होतो, आणि लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, अठराव्या अध्यायातला, आठवड्यातून दोनदा उपास करतो अशी बढाई मारणारा परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा माणूस) आपल्यातच उभा राहतो.

आधी वेळ आणि जागा ठरवावी. पंधरा-वीस मिनिटे पुरेत, पण ती रोज त्याच वेळी असावीत. सवडीवर सोडलेली प्रार्थना बहुधा राहूनच जाते. जुन्या करारातला दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करीत असे आणि राजाचा मनाईहुकूम निघाल्यावरही त्याने तेच केले, कारण तो पूर्वीपासून तसे करीत आला होता. पहाट बहुतेकांना सोयीची पडते. परंतु रात्रपाळी करणाऱ्याने किंवा तान्ह्या बाळाच्या आईने पहाटेचा हट्ट धरू नये. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि शक्यतो छापील बायबल वापरावे.

वाचनाच्या बाबतीत पुष्कळ जण एका वर्षात संपूर्ण बायबल संपवण्याचा संकल्प करतात. प्रॉटेस्टंट बायबलच्या ६६ पुस्तकांत ११८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार अध्याय झाले. मी असा संकल्प प्रथम केला तेव्हा नियमांनी भरलेल्या लेवीयाच्या पुस्तकात मागे पडलो, आणि राहिलेले अध्याय भरून काढण्याच्या धडपडीत वाचलेले काहीच आत उतरेनासे झाले. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने मार्कचे शुभवर्तमान घ्यावे, रोज थोडा भाग वाचावा आणि त्याला एका स्तोत्राची जोड द्यावी.

स्तोत्र कसे वाचावे, हे १३१व्या स्तोत्रावरून पाहू. त्यात तीनच वचने आहेत. प्रथम ते मोठ्याने वाचावे, मग सावकाश पुन्हा वाचावे आणि जिथे मन अडेल तिथे थांबावे. दुसऱ्या वचनात स्तोत्रकर्ता आपल्या शांत झालेल्या जिवाला आईजवळच्या मुलाची उपमा देतो, पण ते मूल दूध तुटलेले आहे. तान्हे बाळ भूक लागली की आईच्या कुशीत शिरते. दूध तुटलेले मूल तिला बिलगते, तेव्हा त्याला फक्त आई हवी असते. इथे थांबून स्वतःला विचारावे की मी देवाजवळ येतो तो काही मागण्यासाठीच येतो का, आणि जे उत्तर मिळेल तेच प्रार्थनेत बोलावे. बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या मठवासीयाने या रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवासमोर निवांत राहणे. चौथी पायरी आपण सहसा गाळतो. ‘आमेन’ म्हटल्यावर लगेच उठू नये. दोन मिनिटे तरी काही न मागता बसावे. मन भटकेल, तेव्हा त्याच वचनातला एखादा शब्द हळूच उच्चारून त्याला परत आणावे.

या निवांतपणाचा कामाशी संबंध नाही असे वाटत असेल, तर मार्कचा पहिला अध्याय पाहावा. कफर्णहूमात संध्याकाळी सारे नगर दाराशी लोटले होते. दुसऱ्या दिवशी मोठ्या पहाटे येशू एकांतात जाऊन प्रार्थना करीत होता. शिष्यांनी त्याला शोधून काढले आणि सगळे तुझा शोध करीत आहेत असे सांगितले, तेव्हा तो परत न फिरता आसपासच्या गावांकडे निघाला. कोणत्या हाकेला ओ द्यायची आणि कोणती सोडायची, हे त्या एकांतात ठरले असावे असे मला वाटते.

उपास आरंभी एकाच वेळच्या जेवणाचा असावा आणि तो वेळ प्रार्थनेला द्यावा. मधुमेही, गरोदर किंवा औषधे घेणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो करू नये. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय उपासाआधी अवश्य वाचावा, कारण भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देण्याची गोष्ट तिथे उपासाच्या व्याख्येतच येते. उपासामुळे शिल्लक राहिलेले अन्न किंवा पैसा गरजवंताकडे गेला पाहिजे.

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दिवस डोळ्यांपुढून न्यावा. आधी ज्याबद्दल उपकार मानायचे ते आठवावे, मग पाप. कबुली मोघम नसावी. ‘मी प्रेमात उणा पडलो’ असे न म्हणता, दुपारी कोणाला कोणत्या शब्दांनी दुखावले ते देवासमोर नेमके सांगावे आणि त्या माणसाची क्षमा कधी मागायची ते तिथेच ठरवावे. मंडळीतल्या एका विश्वासू व्यक्तीला आठवड्यातून एकदा भेटून हे सारे कसे चालले आहे ते सांगितल्यास पुष्कळ बळ मिळते.

दिवस चुकतील, कधी सलग दहा दिवस चुकतील. तेव्हा राहिलेले वाचन दुप्पट करून भरून काढू नये आणि शिक्षा म्हणून उपासही धरू नये. ठरलेल्या वेळी त्याच जागी बसावे, चुकलेल्या दिवसांबद्दल एका वाक्यात बोलावे आणि आजचे स्तोत्र उघडावे.