गावच्या वाचनालयाचा इतिहास लिहायचाय? आधी कीर्दवही उघडा

आमच्या वाचनालयाच्या दारावर संगमरवरी पाटी आहे : स्थापना १८८७. त्या हिशेबाने १९८७ साली शताब्दी झाली, मांडव पडला, स्मरणिका निघाली. मी तेव्हा देवघेवीच्या टेबलावर नवीन होते. निवृत्त झाल्यावर इतिहास लिहायला बसले आणि सगळ्यांत जुनी कीर्दवही, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, उघडली. पहिली जमा वर्गणीची, पहिला खर्च कंदिलाच्या तेलाचा, आणि मिती शके १८०९, माघ. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणजे माघ १८८८ चा. शताब्दीच्या फायलीत बेरजेचा चिटोराही सापडला : १८०९ + ७८. आम्ही शंभरी वर्षभर आधीच उरकली होती!

तेव्हा स्मरणिकेवरून इतिहास लिहू नका. तिच्यात अध्यक्षांचे फोटो असतात आणि रोपट्याचा वटवृक्ष झालेला असतो. माळ्यावर चढा. कीर्द, खतावणी (खातेवही), सभांचं प्रोसिडिंग (इतिवृत्त), सभासद रजिस्टर, दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची), पाहुण्यांचं शेरेबुक, जे मिळेल ते खाली आणा. कापडी मास्क लावा, जुनी धूळ छातीत बसते. कसर लागलेली वही झटकू नका. एकेक पान मोबाइलवर फोटो काढून मगच हाताळा. फाटक्या पानांना चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. दहा वर्षांनी ती पिवळी पडते आणि अक्षरं सोबत घेऊन निघते. मी लावली होती.

जुनी कीर्द मोडी लिपीत असली तर घाबरू नका. आकडे, महिन्यांची नावं आणि 'जमा', 'खर्च', 'बाकी' एवढं ओळखू यायला मला दोन महिने लागले. बाकीचं जाणकाराकडून वाचून घेतलं.

तारीख नसलेल्या पानाचा काळ पैशांवरून कळतो. रुपये-आणे-पै असतील तर बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचं पान. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे दिसले तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं, कारण १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द सरकारनेच काढला. पुस्तकावर वाचनालयांना पुस्तकं देणाऱ्या केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानचा शिक्का असेल तर ते १९७२ नंतरच आलेलं. प्रतिष्ठानच त्या साली निघालं.

शिक्के तर जरूर बघा. आमच्या एका पुस्तकावर तीन आहेत : वर 'नेटिव्ह लायब्ररी', मध्ये 'सार्वजनिक वाचनालय', खाली आताचं नाव. नाव कधी बदललं याचा ठराव प्रोसिडिंगमध्ये शोधा. आमच्या ठरावात कारण एका ओळीचं आहे आणि वादावादी चार पानं.

गावाबाहेरचे कागदही हवेत. कॅम्पबेलने संपादित केलेल्या, इंग्रज अमदानीतल्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात) लायब्ऱ्यांचा उल्लेख मिळतो. आमच्या साताऱ्याचा खंड १८८५ चा, त्यामुळे आमचं नाव त्यात नाही, आणि ते बरोबरच आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी झाली असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकची नक्कल काढा. विश्वस्त आणि मिळकत त्यात असते. जागेसाठी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक. १९६७ चा ग्रंथालय कायदा आल्यानंतरच्या अनुदानाच्या फायली कंटाळवाण्या असतात, पण वाचनालयाला अ, ब, क, ड यांतला सरकारी वर्ग कधी मिळाला आणि कधी गेला ते तिथेच कळतं.

'महाराष्ट्रातलं पहिलं' असं मात्र लिहू नका. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं आहे, त्याच्यापुढे आपण बोलू नये.

खरा इतिहास दाखल नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात असतो. 'गहाळ', 'वाळवी', 'बाद', आणि एका कादंबरीपुढे लाल शाईत 'तिसऱ्यांदा गहाळ'. गावाला काय आवडायचं ते मला त्या एका शेऱ्यावरून कळलं. भाषणांच्या वृत्तांतावरून कळलं नसतं.

मग सभासद रजिस्टर. नावांपुढचे पत्ते एका कागदावर मांडा. आमच्याकडे पहिली चाळीसेक वर्षं ठरावीक तीन आळ्या सोडून पत्ताच नाही. नाव 'सार्वजनिक', आणि गावकुसाबाहेरचं पहिलं नाव यायला स्वातंत्र्य यावं लागलं. हे छापायचं की नाही यावर कार्यकारी मंडळात दोन बैठका झाल्या. मी म्हटलं, वर्ष आणि पान क्रमांक देऊन छापू, एकही विशेषण न लावता. तसंच छापलं.

बायकांचं वेगळंच. रजिस्टरात नाव नवऱ्याचं, पण पुस्तक न्यायला यायचा पोरगा, हातात चिठ्ठी घेऊन : 'मागचं वाचलेलं होतं, दुसरं पाठवा.' हे कुठल्याही वहीत नाही, ते म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं. विचारताना 'वाचनालयाने तुम्हाला काय दिलं' असं विचारू नका, लगेच भाषण सुरू होतं. कुठे बसायचात, वर्गणी किती होती, दंड कोण माफ करायचं, असं विचारा. एका आजींनी सांगितलं, त्या आमटीला फोडणी देताना पुस्तक वाचायच्या. त्या पुस्तकावर हळदीचे डाग आहेत, मी जाऊन बघितले.

लिहिताना प्रत्येक माहितीपुढे वहीचं नाव आणि पान टाका. दोन वह्यांचं जमत नसेल तर दोन्ही आकडे द्या, आपणच न्यायाधीश होऊ नका.

पाटी अजून १८८७ चीच आहे. नवा संगमरवर परवडत नाही, असं मंडळाचं म्हणणं. मी लिहिलेल्या पुस्तिकेत १८८८ आहे. कुणी विचारलं तर कपाट नंबर चार, खालचा कप्पा, लाल बासनातली कीर्द, पान पहिलं.