बिल्ला आधी काळाचा बघा, मग रंगाचा

रीएनॅक्टमेंटमध्ये, म्हणजे जुन्या काळचे गणवेश घालून इतिहासातले प्रसंग उभे करण्याच्या छंदात, नवा आलेला माणूस हमखास बिल्ल्याच्या रंगापाशी अडतो. ‘हा हिरवा जरा गडद वाटत नाही का?’ गटात नव्यांचे गणवेश तपासायचं काम माझ्याकडे आल्यापासून हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी घेतो. मूळ बिल्ले अनेक कारखान्यांत बनले, छटा तिथेच बदलायची. वर ऊन आणि धुलाई.

आधी काळ. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सैनिक उभा करायचा असेल तर टोपीच्या बिल्ल्यावरचा मुकुट निरखा. तेव्हाचा ट्यूडर मुकुट, म्हणजे वर गोलसर कमानी. १९५२ मध्ये एलिझाबेथ गादीवर आल्यानंतर सेंट एडवर्ड मुकुट आला, त्याच्या कमानी मधोमध दबलेल्या असतात. तो १९४४ च्या टोपीवर दिसला की बाकी गणवेश कितीही अचूक असो, जाणकाराची नजर तिथेच अडकते. गंमत म्हणजे चार्ल्स राजा झाल्यावर ट्यूडर मुकुट परत आलाय. त्यामुळे नुसता मुकुट बरोबर आहे म्हणून बिल्ला जुना ठरत नाही.

अमेरिकन गणवेशात बाहीवरच्या पट्ट्यांखाली ‘टी’ असलेली टेक्निशियनची हुद्देचिन्हं १९४२ मध्ये आली. १९४१ चा प्रसंग करताय? मग ती नकोत.

जागा ठरवायला त्या काळचे फोटो बघा, पण फोटो उलटा छापलेला असू शकतो. अमेरिकन शिपायाच्या कॉलरवर ‘यू.एस.’ची चकती त्याच्या उजवीकडे, शाखेची डावीकडे. फोटोत तसं नसेल तर आधी अक्षरं आणि बटणपट्टी सुलटी आहे का ते पाहा.

आता घडण. पितळी बिल्ला हातात आला की मी तो लगेच पालथा करतो. साच्यात ठोकून काढलेल्या पत्र्याच्या बिल्ल्याला समोरच्या नक्षीचा खोलगट ठसा मागे उमटलेला असतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, खरखरीत. समोरची बारीक अक्षरं कडांना विरघळल्यासारखी, आणि धातू आकसल्यामुळे माप मुळापेक्षा किंचित लहान. कापडी अमेरिकन बिल्ल्यांची कड बघा. जाड, दोऱ्याने गुंफलेली कड नंतरची; युद्धकाळात ती कापलेली, सपाट असायची.

महाग म्हणजे अचूक, असं मात्र धरू नका. धातू वाचवायला ब्रिटनने युद्धात टोपीचे बिल्ले प्लॅस्टिकचे काढले, आणि बाहीवरचे कितीतरी बिल्ले सुती कापडावर चक्क छापले. १९४४ च्या साध्या शिपायाला साधा छापील बिल्ला माझ्या मते झकास भरतकामापेक्षा जास्त शोभतो.

अतिनील दिव्याखाली लखलखणारा दोरा संशयास्पद खरा, पण जुना बिल्ला नंतर कुणी आधुनिक साबणात धुतला असेल तर तोही चमकतो.

शिवण्याआधी नकलेच्या पाठीवर न पुसणारी खूण करा. नाहीतर काही वर्षांनी तीच झिजलेली नक्कल कुणीतरी अस्सल म्हणून विकत घेईल.