मेथोट्रेक्सेटची मळमळ कशी आटोक्यात आली

संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. गोळीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पोटात ढवळतं, अन्नाचा वास नको होतो, म्हणून बरेच जण गोळीच सोडतात. तसं करू नका, सांधे पुन्हा धरतात.

सगळ्यात जास्त फरक वेळेने पडला. सकाळऐवजी रात्री, जेवण झाल्यावर लगेच गोळी घेतली की मळमळीचा बराचसा काळ झोपेत जातो. त्या रात्री मऊ भात, मुगाचं वरण, वर चमचाभर तूप. तळलेलं, तिखट नाही. सकाळी उठल्यावर आल्याचा तुकडा मिठाला लावून चघळावा.

मेथोट्रेक्सेटसोबत डॉक्टर देतात ती फॉलिक अॅसिडची (ब गटातल्या जीवनसत्त्वाची) ५ मिलिग्रॅमची गोळी चुकवू नये. तोंड येणं आणि मळमळ दोन्ही तिच्यामुळे कमी होतात. ती मेथोट्रेक्सेटच्या दिवशी न घेता बहुधा दुसऱ्या दिवशी देतात. दोन्ही गोळ्या लहान, पिवळसर दिसू शकतात. अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. डबे वेगळे ठेवा, पाकिटावर पेनाने वार लिहा.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून डोस एकाच दिवशी बारा तासांच्या अंतराने दोन भागांत घेता येतो, किंवा कातडीखाली इंजेक्शन. इंजेक्शनने पोटाचा त्रास बऱ्याच जणांचा कमी होतो.

वेदनाशामक गोळी उपाशीपोटी नकोच. शौच डांबरासारखं काळं झालं, तोंडात फोड आले, किंवा ताप, कोरडा खोकला, दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.