पाणी जोडातून शिरतं: कोकणात फायबर आणि अँटेनाचं काम शिकताना

डिप्लोमा किंवा बीई इलेक्ट्रॉनिक्स करून रत्नागिरी-सिंधुदुर्गात या कामात उतरणाऱ्याला पहिले काही महिने वाटतं, की शिकलेलं सगळं वाया गेलं. कॉलेजात मॅक्सवेलची समीकरणं आणि लेसर डायोडच्या आकृत्या, इथे पावसात ताडपत्रीखाली बसून केसाएवढी काच जोडायची. पण धो धो पाऊस, खारा वारा आणि जांभा यांच्या या पट्ट्यात केबल मधेच आपोआप सहसा बिघडत नाही. जेसीबीने तोडली किंवा माकडांनी झोके घेतले तर गोष्ट वेगळी. एरवी बिघाड सापडतो तो जोडात, आणि जोड का बिघडला हे कळायला तीच समीकरणं लागतात.

आधी फायबरचा हिशेब बघा. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, की काचेतला क्षय, म्हणजे वाटेत होणारी प्रकाशाची घट, किलोमीटरला २० डीबीपर्यंत (डेसिबल, घट मोजायचं एकक) खाली आणला तर तिच्यातून दूरसंचार चालवता येईल. तेव्हाच्या काचेत तो हजाराच्या घरात होता. १९७० मध्ये कॉर्निंग या काच कंपनीतल्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ती रेषा ओलांडली. २० डीबी म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरतो. आज गटाराच्या कडेने टाकलेल्या साध्या जी.६५२डी जातीच्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला क्षय ०.२० डीबीच्या आसपास असतो, म्हणजे किलोमीटरनंतर ९५ टक्के प्रकाश शिल्लक. काच इतकी सुधारली, की सगळा दोष आता जोडाच्या पदरात पडतो. अर्ध्या डीबीचा एक वाईट जोड म्हणजे अडीच किलोमीटर फायबर खाल्लं. मळका कनेक्टर सहज एक डीबी खातो, म्हणजे पाच किलोमीटर.

घराघरांत जाणाऱ्या जीपॉनच्या, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या, जाळ्यात हे लगेच अंगाशी येतं. त्यातल्या बी-प्लस वर्गाला २८ डीबीचं बजेट असतं, म्हणजे वाटेत एवढाच तोटा चालतो. डोंगरपायथ्याची वाडी बारा किलोमीटरवर आहे आणि वाटेत प्रकाश आठ वाटांत विभागणारे १:८ चे दोन स्प्लिटर आहेत, असं धरू. स्प्लिटर प्रत्येकी साडेदहा, म्हणजे २१. १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ प्रमाणे फायबरचे ४.२. सहा जोडांचे ०.६, चार कनेक्टरांचे १.२. बेरीज २७. हातात उरला एक डीबी. पावसाळ्यात एका पेटीत पाणी शिरलं, की वाडीतल्या ओएनटीचे (घरातल्या फायबर मोडेमचे) तांबडे दिवे लुकलुकायला लागतात. कागदावर बजेट जमलं म्हणून खूश होऊ नका, तीन डीबी राखून ठेवा. पुढच्या दोन वर्षांत त्या केबलमध्ये किमान दोन-तीन जोड वाढणारच आहेत, कारण महामार्गाचं काम संपलं तरी खोदकाम संपत नाही.

आता प्रत्यक्ष जोड. केबलचं बाहेरचं आवरण मीटरभर सोलायचं आणि नळ्यांमधली जेली नीट पुसून काढायची. रंगांचा क्रम पाठच करा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. संध्याकाळच्या उजेडात राखाडी आणि पांढरा हमखास गल्लत करतात, म्हणून डोक्याला लावायचा दिवा पिशवीत हवाच. मग स्लीव्ह, म्हणजे जोडावर बसणारी संरक्षक नळी, फायबरवर चढवायची. हे आधी लिहिलं कारण नवा माणूस हेच विसरतो, आणि उत्तम जमलेला जोड पुन्हा तोडावा लागतो. नंतर २५० मायक्रॉनचं आवरण तीन-चार सेंटिमीटर काढून १२५ मायक्रॉनची उघडी काच ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. काच स्वच्छ झाली की पुसताना बारीक चर्रकन आवाज येतो. क्लीव्ह केल्यावर, म्हणजे क्लीव्हरने सरळ कापल्यावर, त्या काचेला बोट, कापड, काहीही लागता कामा नये. कापाचा कोन एक अंशाच्या आत हवा, अर्ध्याच्या आत असेल तर उत्तम. स्प्लायसिंग मशीनने कोन जास्त दाखवला आणि तुम्ही दुर्लक्ष करून आर्क, म्हणजे काच वितळवून जोडणारी ठिणगी, मारला, तर पडद्यावर ०.०४ डीबी उमटेलही. तो आकडा मशीनने चित्र बघून काढलेला अंदाज असतो. खरा आकडा ओटीडीआर हे फायबर तपासायचं यंत्र सांगतं.

पावसाळ्यात दोन गोष्टी जोड बिघडवतात. एसी गाडीतून मशीन काढून दमट हवेत उघडलं, की भिंगावर आणि फायबर बसवायच्या व्ही-खाचेवर दव धरतं. मशीन पेटीत बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या. दुसरं म्हणजे हवेतली आर्द्रता बदलली की आर्कची उष्णता बदलते. सकाळी पहिल्या जोडाआधी आर्क कॅलिब्रेशन करायला पाच मिनिटं लागतात, आणि ते टाळणारा माणूस दुपारी तासभर पुन्हापुन्हा जोडत बसतो. इलेक्ट्रोड किती आर्कनंतर बदलायचे ते मशीनच्या पुस्तिकेत असतं. समुद्राजवळ काम असेल तर त्या आकड्याच्या बरंच आधी बदला. काचेचे तुकडे मातीत टाकू नका. झाकणाच्या डबीत ठेवा, नाहीतर ते कुणाच्यातरी पायात जातील.

जोडपेटी बंद करताना रबरी रिंगवर मातीचा एक कण राहिला, तर वर्षभरात पेटी विहीर होते. पाणी शिरलं म्हणून काच लगेच तुटत नाही. ताणाखाली असलेल्या काचेतल्या सूक्ष्म चिरा ओलाव्यात हळूहळू वाढत जातात. म्हणून बिघाड जुलैत न येता पुढच्या मार्चमध्ये येतो आणि कुणाला कारण कळत नाही.

ओटीडीआरमध्ये बार्नोस्की आणि जेन्सन यांची १९७६ची कल्पना आहे: काचेत स्पंद सोडायचा आणि वाटेतून परत विखुरणारा प्रकाश वेळेनुसार मोजायचा. वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिल्या कनेक्टरजवळचं यंत्राला दिसत नाही, म्हणून आधी निदान दीडशे मीटरची लाँच केबल, म्हणजे चाचणीपुरतं जास्तीचं फायबर, जोडा. कधी कधी जोडावर तोटा न दिसता चक्क वाढ दिसते. ती खरी नसते. दोन वेगळ्या फायबरमध्ये प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास वेगळा असला, की परत विखुरण्याचं प्रमाण बदलतं. दोन्ही टोकांकडून मोजून सरासरी काढली की खरा तोटा मिळतो. तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगी आहे: प्रत्येक संशयास्पद जागा १३१० आणि १५५० अशा दोन्हींवर मोजा. दोन्हींवर तोटा जवळपास सारखा असेल तर जोड वाईट. १५५० वर बराच जास्त असेल तर फायबर कुठेतरी वाकलंय, पेटीतल्या ट्रेमध्ये, खांबावरच्या क्लॅम्पमध्ये किंवा पडलेल्या आंब्याच्या फांदीखाली. पेटी उघडण्याआधीच अर्धं निदान होतं. आणि ओटीडीआरवरची लांबी थेट रस्त्यावर मोजत जाऊ नका. केबलमध्ये फायबर पिळाने बसवलेलं असतं आणि प्रत्येक पेटीपाशी गुंडाळी असते. सात किलोमीटरवर शंभर-दीडशे मीटरचा फरक साहजिक आहे. गुंडाळ्यांची नोंद असलेला नकाशा नसेल तर खड्डे मोजत बसायची पाळी येते.

खाडीपलीकडे केबल न्यायची तर पूल लागतो. पूल लांब असेल तर रेडिओ लिंक. ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवाना लागत नाही, पण अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती ३६ डीबीएमच्या (एका मिलिवॉटच्या तुलनेत डीबीत मोजलेली शक्ती) आत हवी. सहा किलोमीटरची खाडी घ्या. हॅरल्ड फ्रिस यांच्या १९४६च्या सूत्राने ५.८ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेतला तोटा १२३ डीबी येतो. रेडिओचे १३ डीबीएम, दोन्ही बाजूंना २३ डीबीआय गेनची, म्हणजे शक्ती एका दिशेला तेवढी एकवटणारी, डिश. समोर पोहोचतात उणे ६४ डीबीएम. छान लिंक. मधोमध फ्रेनेल वर्तुळाची, म्हणजे लाट ज्या जागेतून जाते तिची, त्रिज्या ८.८ मीटर असते आणि तिच्यातला ६० टक्के भाग, म्हणजे पाच-सव्वापाच मीटर, मोकळा हवा. समोरचा टॉवर दिसतोय म्हणून लिंक चालेल असं नाही. शेंडा आड येणारा एक माड पुरेसा आहे, आणि माड वाढतो.

खाडीतली खरी गंमत भरती-ओहोटीची. पाण्यावरून परावर्तित झालेली लाट थेट लाटेत मिसळते. दोन्ही अँटेना पाण्यापासून २५ मीटरवर असतील, तर दोन वाटांमधला फरक साधारण २१ सेंटिमीटर, म्हणजे चार तरंगलांब्या. पाणी अडीच मीटर चढलं की तो सव्वातीन तरंगलांब्यांवर येतो. परावर्तनात लाट उलटते, त्यामुळे पूर्ण तरंगलांबीवर दोन्ही एकमेकींना मारतात आणि अर्ध्यावर पोसतात. नवखा माणूस दुपारी बाराला डिश फिरवून सिग्नल जमवतो आणि संध्याकाळी सहाला तक्रार येते. डिश हलवून हे सुटत नाही. एक टोक डोंगरावर आणि दुसरं शक्य तितकं खाली ठेवा. परावर्तनाचा बिंदू खालच्या टोकाकडे सरकतो आणि तिथे खारफुटी असेल तर लाट विखुरते. नाहीतर उभ्या अंतरावर दोन अँटेना लावाव्या लागतात. लिंक तपासायची तर पंचांग बघून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळा मोजा.

वरच्या फ्रिक्वेन्सीचा मोह पावसात महागात पडतो. तासाला १०० मिलिमीटर पडणाऱ्या सरीत ६ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे एक डीबीच्या आसपास जातो, २३ गिगाहर्ट्झला दहाहून जास्त.

अँटेनाच्या केबलवरचा एन कनेक्टर १९४० च्या दशकात बेल लॅब्जच्या पॉल नील यांनी केला, आणि नावातला एन त्यांचाच. त्याच्या आत रबरी गॅस्केट असते. जोडताना ती खाली पडली तर शोधा, तिच्याशिवाय घट्ट करू नका. पाणी एकदा आत गेलं की जाळीच्या तारांमधून केशाकर्षणाने मीटरभर चढतं, आणि मग कनेक्टर बदलून उपयोग नसतो, केबलच बदलावी लागते. स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा आकडा, १.५ असेल तर फक्त चार टक्के शक्ती परत येते. त्यामुळे एका आकड्याने घाबरू नका. कोरड्या दिवशी १.२ होता आणि पावसानंतर १.५ झाला, तर मात्र पाणी आत आहे.

टेप गुंडाळणं हे या धंद्यातलं सगळ्यात कमी शिकवलं जाणारं काम. जोड कोरड्या फडक्याने पुसायचा. मग एक थर साध्या पीव्हीसी टेपचा, म्हणजे पुढे सोलून काढता येतो. त्यावर ब्यूटाइल रबराचा थर, जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर पुढे नेऊन हाताने दाबून बसवलेला. मग पुन्हा पीव्हीसीचे तीन थर, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत. शेवटचा थर खालून वर न्यायचा. कौलं शाकारताना जे करतो तेच: वरची कड खालचीवर यायला हवी. शेवटचं बोटभर टेप न ताणता चिकटवा आणि सुरीने कापा. ताणून तोडलेलं टोक वैशाखाच्या उन्हात सुटतं आणि मृगाच्या पहिल्या पावसात झेंड्यासारखं फडफडतं. केबल पेटीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल.

अर्थिंगबद्दल एवढंच: जांभ्यात रोध मोठा असतो. जुलैत मोजलेला आकडा फसवा, मे महिन्यात मोजा. वळवाच्या विजा तेव्हाच येतात. ॲल्युमिनियमवर थेट तांबं कसू नका. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम कुजतं. आणि वीज कडाडत असताना टॉवरवर चढायचं नाही, साहेबांचा फोन आला तरी.

शिकायचं कसं? आयटीआय असो वा डिप्लोमा, डीबीचा हिशेब तोंडी यायला हवा. फिलिप स्मिथ यांचा १९३९चा तक्ता (केबल आणि अँटेना एकमेकांशी किती जुळतात ते दाखवणारा) परीक्षेपुरता न ठेवता नॅनोव्हीएनए या हातात मावणाऱ्या मापकाच्या पडद्यावर बघा. आधी केबल मोकळी, मग शॉर्ट, मग ५० ओहम लावून ठिपका कुठे जातो ते पाहिलं की तासाभरात जे कळतं ते सत्रभर कळत नाही. स्वतःचं सामान घ्यायचं तर पॉवर मीटर, तुटलेली जागा दाखवणारा तांबड्या प्रकाशाचा व्हीएफएल आणि चांगला क्लीव्हर आधी. स्प्लायसिंग मशीन पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, भाड्याने किंवा ठेकेदाराचं वापरा. फायबरमध्ये डोकावून बघायची सवय लागू देऊ नका. कामाचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे जाळतो.

अशा कामात नवी युक्ती सुचतेच. समजा डोक्यात आलं, की पेटीत पाणी शिरल्यावर फुगणारा पदार्थ ठेवावा, त्याने एक मोकळं फायबर वाकवावं आणि ते ओटीडीआरवर दिसावं. कल्पना चांगली आहे आणि जुनी आहे. असे संवेदक केव्हाच निघाले. म्हणून आधी भारतीय पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोध-संकेतस्थळावर आणि युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पेसनेटवर शोधा. माहीत असलेले भाग आपापलं काम करत एका डब्यात बसवले, तर भारतीय कायद्यात तो शोध ठरत नाही. एकत्र आल्याने काहीतरी वेगळं घडायला हवं. जगदीशचंद्र बसूंना पेटंटचं फारसं अप्रूप नव्हतं, तरी गॅलेनाच्या स्फटिकावरच्या त्यांच्या संवेदकाला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. कल्पना अर्धवट असेल तर तात्पुरतं तपशीलपत्र दाखल करून तारीख मिळवता येते. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची मूळ फी १६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशीलपत्र १२ महिन्यांत द्यावं लागतं. तपासणीची मागणी आणि तिची फी वेगळी. महाराष्ट्रासाठी मुंबईचं कार्यालय. कॉलेजच्या प्रदर्शनात मांडलं किंवा यूट्यूबवर टाकलं की नवीनपणा जाऊ शकतो, तेव्हा अर्ज प्रदर्शनाच्या आधी गेला पाहिजे, प्रमाणपत्र मिळाल्यावर नव्हे.