९४५ ही संख्या हाताने कशी उलगडावी

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. ९४५ वरवर साधी वाटते, पण विषम संख्यांमध्ये तिचा एक मान आहे आणि तो कागदावर स्वतः पडताळता येतो.

१. मूळ अवयव पाडा. ९ + ४ + ५ = १८, म्हणजे ९ ने भाग जाणारच. भागाकार १०५, आणि १०५ म्हणजे ३ × ५ × ७. म्हणून ९४५ = ३ × ३ × ३ × ५ × ७. ही ओळ कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा. अंकांच्या बेरजेत मात्र फार रमू नका. अंक दशमान पद्धतीने दिलेले असतात, अवयव संख्येचे स्वतःचे असतात.

२. विभाजक मोजा. ३ हा अवयव शून्य ते तीन वेळा घेता येतो, म्हणजे चार पर्याय. ५ आणि ७ प्रत्येकी घ्यायचा किंवा सोडायचा. ४ × २ × २ = १६ विभाजक.

३. विभाजकांची बेरीज काढा. एकेक लिहून बेरीज करायला गेलात तर एखादा हमखास सुटतो. त्याऐवजी हे करा:

(१ + ३ + ९ + २७) × (१ + ५) × (१ + ७) = ४० × ६ × ८ = १९२०

यातून खुद्द ९४५ वजा करा, उरले ९७५. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा ३० ने जास्त! अशा संख्येला विपुल म्हणतात. १२ ही पहिली विपुल संख्या. १०० पर्यंत अशा २२ सापडतात आणि त्या सगळ्या सम आहेत. विपुल संख्या समच असते, असं वाटू लागतं. तो समज मोडणारी पहिली संख्या म्हणजे ९४५.

४. ‘पहिली’ हे सिद्ध करा. इथे घाई करू नका, खरी मजा इथेच आहे. विपुल ठरायला स्वतःसकट सर्व विभाजकांची बेरीज संख्येच्या दुपटीहून जास्त हवी. नुसते ३ आणि ५ कितीही वेळा घेतले तरी ती १५/८ पटीच्या आतच राहते, म्हणून तिसरा मूळ अवयव लागतोच. चार वेगवेगळे विषम मूळ अवयव घेतले तर किमान ३ × ५ × ७ × ११ = ११५५, म्हणजे आपण ९४५ च्या पुढे गेलो. ३ किंवा ५ गाळून दुसरे कोणतेही तीन घेतले, तर दुप्पट गाठता येत नाही. तिसरा अवयव १३ पेक्षा मोठा असला तरीही नाही. त्यामुळे ९४५ च्या खाली नऊच उमेदवार उरतात: १०५, १६५, १९५, ३१५, ४९५, ५२५, ५८५, ७३५, ८२५. तिसऱ्या पायरीची रीत प्रत्येकाला लावा. सगळे कमी पडतात. ३१५ तर अगदी काठावर येते, स्वतःला सोडून तिची बेरीज ३०९, म्हणजे फक्त ६ कमी.

५. आणखी दोन ओळखी. १ × ३ × ५ × ७ × ९ = ९४५. शिवाय १, २, ३, ४… यांच्या सहाव्या घातांचे व्यस्त घेऊन अनंतापर्यंत बेरीज केली, तर उत्तर येतं पायचा (π) सहावा घात भागिले ९४५. हे गणितज्ञ ऑयलरने दाखवलं. वर्तुळाचा पाय इथे यावा, हे मला दर वेळी नव्याने थक्क करतं.

३१५ सहाने कमी, ९४५ तीसने जास्त. बेरीज तंतोतंत जुळणारी विषम संख्या मात्र अजून कुणालाच सापडलेली नाही.

हात बसवायला पुढची विषम विपुल संख्या घ्या, १५७५. बेरीज ७४ ने जास्त आली पाहिजे.