टॉरेंट रेंगतंय? केबलवाल्याला फोन करण्याआधी या चुका टाळा

भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं टॉरेंट (फाइलचे तुकडे अनेकांच्या कॉम्प्युटरवरून घ्यायचे आणि आपल्याकडचे इतरांना द्यायचे, अशी डाउनलोडची पद्धत) अडकलं की शिव्या केबलवाल्याला बसतात. कधीकधी त्या त्याला लागूही पडतात म्हणा! पण आधी उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत साइटवरचं टॉरेंट लावून बघा. ते सुसाट उतरलं तर लाइन ठीक आहे, गोम दुसरीकडे आहे.

बहुतेकांचं घोडं अपलोडवर अडतं. टॉरेंटचं सॉफ्टवेअर क्यूबिटटॉरेंट असो किंवा ट्रान्समिशन, नवं टाकलं की अपलोडला मर्यादाच नसते. आता, डाउनलोड करतानाही आपला कॉम्प्युटर मिळालेल्या डेटाची पोच सतत परत पाठवत असतो. अपलोडची वाट शेअरिंगने तुंबली की ही पोच अडकते आणि डाउनलोडही मंदावतं. पुढची लोकल कुर्ल्याला रखडली की मागच्या गाड्यांचं होतं तसंच. म्हणून स्पीड टेस्टमध्ये येणाऱ्या अपलोडच्या साधारण 80 टक्क्यांवर मर्यादा लावा. इथे आकड्याचा घोळ होतो: प्लॅन मेगाबिटमध्ये, सॉफ्टवेअर बाइटमध्ये (8 बिट म्हणजे 1 बाइट). 40 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 5 एमबी, तेव्हा मर्यादा 4 एमबीची. आणि 0 लिहू नका, क्यूबिटटॉरेंटमध्ये 0 म्हणजे अमर्याद.

पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरच्यांना आपल्या कॉम्प्युटरपर्यंत येता यावं म्हणून राउटरमध्ये वाट उघडण्याच्या, नादात माझा एक अख्खा रविवार गेला. राउटरमध्ये वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा इंटरनेट पत्ता) 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे; राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा कुणी आत येणार नाही. पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा स्वतःचा पत्ता) मागायचा तो केबलवाल्याकडेच. पब्लिक आयपी नसला तरी डाउनलोड चालतं, फक्त पीअर (तीच फाइल घेणारे-देणारे इतर लोक) कमी मिळतात.

99 टक्क्यांवर अडकलंय? सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा उपलब्धतेचा (अव्हेलेबिलिटी) आकडा 1 पेक्षा कमी असेल तर जोडलेल्या सगळ्यांकडचे तुकडे मिळूनही फाइल पूर्ण होत नाही. सीडर (पूर्ण फाइल असलेला कुणीतरी) उगवेपर्यंत थांबा.

फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायची तर सॉफ्टवेअरमधूनच हलवा. हाताने हलवून बसला असाल तर टॉरेंटला नवी जागा दाखवा आणि 'फोर्स रीचेक' करा (म्हणजे असलेले तुकडे ते पुन्हा तपासतं), नाहीतर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीची फाइल मावतच नाही, मग ड्राइव्ह 64 जीबीचा का असेना.

सिनेमाच्या नावाखाली .ईएक्सई (व्हिडिओ नव्हे, चालणारा प्रोग्रॅम) आली तर उघडू नका, सरळ डिलीट करा. तशीही टॉरेंटमध्ये उतरवता उतरवता फाइल वाटलीही जाते, त्यामुळे कॉपीराइटवाल्या मालात 'मी फक्त घेतलं' हे म्हणायला जागा उरत नाही.