विहिरींचे आकडे ग्रामसभेला कसे सांगावेत

गावात पर्जन्यमापक असतो, विहिरींच्या नोंदींची वही असते, एखादा पोरगा ते सगळं एक्सेलमध्ये भरूनही ठेवतो. पण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते आकडे वाचायला घेतले की दहाव्या मिनिटाला माणसं चपला शोधू लागतात. मीही एकदा चाळीस विहिरींचा तक्ता असाच वाचला होता. आभार मानले गेले, विषय पुढे गेला. त्या रब्बीत कांद्याचा एक वाफाही कमी झाला नाही आणि मार्चअखेर टँकर सुरू झाला. आकडे बरोबर होते, सांगणं चुकलं होतं. तेव्हापासून मी ज्या क्रमाने मांडतो, तो असा.

आधी प्रश्न ठरवा. सभा उठेल तेव्हा काय ठरलेलं असायला हवं, ते एका वाक्यात लिहून काढा. ‘यंदा रब्बीत कांदा किती एकरांवर घ्यायचा?’ एवढं पुरे. या प्रश्नाशी ज्या आकड्याचा संबंध नाही, तो वहीतच राहू द्या. कुणी विचारलंच तर दाखवता येतो.

माप लोकांच्या ओळखीचं घ्या. घनमीटर, कोटी लिटर ऐकून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही. एक हिशेब मात्र सगळ्यांना कळतो. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10 हजार लिटर पाणी पडलं, म्हणजे एक टँकर. गावाचं क्षेत्र 1000 हेक्टर आणि पाऊस 400 मिलिमीटर धरला, तर शिवारात 4 लाख टँकर पाणी पडलं. हे सांगून क्षणभर थांबा. ‘मग गेलं कुठं एवढं पाणी?’ हा प्रश्न सभेतूनच येतो आणि तिथून पुढे लोक तुमच्याबरोबर चालू लागतात. उत्तर थोडक्यात द्या: काही वाफ होऊन गेलं, काही ओढ्याने वाहून गेलं, काही मुरलं. किती मुरलं हा अंदाजच असतो, तो अंदाज म्हणूनच सांगा.

मग एकाच विहिरीवर या. सगळ्या विहिरींची सरासरी ही कुणाचीच विहीर नसते. ओढ्याकाठची भरलेली आणि माळावरची कोरडी, दोन्ही तिच्यात बुडून जातात. पण सर्वांत वाईट विहीर निवडून लोकांना घाबरवूही नका. सगळ्या विहिरी पातळीप्रमाणे ओळीने लावा, मधली उचला आणि हे असं केलंय ते सभेला सांगा. मालकाला आदल्या दिवशी भेटून विचारायचं. न विचारता कुणाची विहीर चारचौघांत काढू नये.

आता पातळी. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. गावानेही तेच महिने धरलेले बरे. ही मोजणी जमिनीपासून पाण्यापर्यंतची असते, म्हणजे आकडा वाढला की पाणी घटलं. साधा आलेख काढला तर रेघ वर चढते आणि लोकांना वाटतं, पाणी वाढलं! म्हणून आलेख काढायचाच तर जमीन वर आणि पाणी खाली असा काढा.

मी आता आलेखही काढत नाही, दोर नेतो. समजा, परवाच्या वर्षी त्या विहिरीत ऑक्टोबरला पाणी 3 मीटरवर होतं, मार्चला 7 मीटरवर गेलं. गेल्या वर्षी ऑक्टोबरला तेच 3, पण मार्चला 9. सभामंडपात नऊ मीटरचा दोर जमिनीवर पसरायचा. त्याचं एक टोक म्हणजे विहिरीचा काठ. तिथून तीन मीटरवर हिरवी फीत, सातवर पिवळी, नवावर लाल. दोराचं टोक बहुधा शेवटच्या रांगेपर्यंत जातं. पिवळ्या आणि लाल फितीमधलं अंतर एखाद्या म्हाताऱ्याला मोजायला सांगा. ‘एक परस खाली गेलं की,’ असं तो म्हणेल. आपण ‘2 मीटर घट’ म्हणण्यापेक्षा त्याचा तो शब्द सभेला लवकर पटतो.

कारण घाईने सांगू नका. दोन्ही वर्षी ऑक्टोबरची पातळी एकच होती, म्हणजे विहीर सारखीच भरली होती. फरक पुढच्या पाच महिन्यांत पडला. आता पीकपाहणीतले दोन्ही वर्षांचे कांद्याचे एकर शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. कांदा वाढला असेल तर लोकांनाच दिसेल. वाढला नसेल तर कारण दुसरं असेल, तेही तितक्याच मोकळेपणी मांडा. आपल्या मताला सोयीचा आकडा तेवढा पुढे केला आणि एकाने जरी तो पकडला, तर पुढची पाच वर्षं तुमचं कुणी ऐकणार नाही. आणि कुणा एका शेतकऱ्याकडे बोट जाईल असं काहीच बोलू नका.

शेवटी दोनच वाटा ठेवा. हरभऱ्याचं दोन-तीन पाण्यांत भागतं, रब्बी कांद्याला दहाबारा पाळ्या तरी द्याव्या लागतात. गेल्या वर्षीइतकाच कांदा घेतला तर लाल फीत, काही एकर हरभऱ्याकडे वळवले तर पिवळीच्या आसपास. कांद्याला भाव मिळाला तर हातात किती पैसा येतो, हेही त्याच दमात सांगा, कारण ऐकणाऱ्याच्या मनात तोच हिशेब चालू असतो. हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवण्याची रीत आहे, पण तिथेही ठरवतं गावच. आपलं काम मांडण्यापुरतं.

जे ठरेल ते सभेच्या इतिवृत्तात एकरांसह लिहून घ्या. दोर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगून ठेवा आणि जानेवारीची मोजणी झाली की त्याच दिवशी त्यावर नवी फीत बांधा.